‘घरात एक आहेच ना’

या वेळी दोनच पत्रं घेते आहे. पहिल्या पत्राला वेळेची घाई होती, अंक छापून येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. म्हणून त्या वाचक भगिनीशी मी आधी फोनवर बोलले. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, पत्र आणि उत्तर इथे देते आहे.

पत्र पहिलं

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय ३७. भांडुपला सासूबाई, मी, माझे मिस्टर आणि धाकटे दीर असे चौघं दोन खोल्यांत राहतो. लग्नाला सहा वर्षं झाली. आधी दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत गेलं. आता तेरावा आठवडा संपतोय.

भाऊजी ३१ वर्षांचे आहेत. त्यांना डाउन सिंड्रोम आहे. अठराव्या वर्षापर्यंत ते विशेष शाळेत जात होते, आता घरीच असतात. मी कामावरून आले की जिन्यातल्या पावलांवरून ओळखून दार उघडतात. कपड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा नीट घालतात. मला दिवस गेल्याचं कळल्यापासून रोज विचारतात, “बाळ आज केवढं?” मी बोटांनी दाखवते.

मागच्या आठवड्यात डबल मार्करचा, म्हणजे बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता बघणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आला. १:८४, लाल अक्षरांत हाय रिस्क. डॉक्टरांनी पुढची तपासणी लिहून दिली आणि म्हणाले, “घरात एक आहेच ना, तुम्हाला वेगळं काय सांगायचं?” त्या दिवशी भाऊजी माझ्यासोबत आले होते. बाजूच्या खुर्चीवरच बसले होते. परत येताना ट्रेनमध्ये एक शब्द बोलले नाहीत.

मिस्टर म्हणतात, रिपोर्ट वाईट आला तर विचार करत बसायचं नाही, मोकळं व्हायचं. सासूबाई गप्प आहेत. फक्त एकदा भांडी घासताना म्हणाल्या, “मला तेव्हा कुणी विचारलं असतं, तर...” आणि नळ मोठा सोडला.

माझी एक मैत्रीण अपंगांच्या हक्कांसाठी काम करते. ती म्हणाली, ही तपासणी म्हणजे हिटलरने केलं तेच, फक्त गोड भाषेत. तेव्हापासून झोप नाही. तपासणी केली तर ‘तुम्ही जन्माला यायला नको होतात’ असं मी भाऊजींना म्हणतेय का? आणि नाही केली तर येणाऱ्या जिवावर अन्याय करतेय का? मी काय करू?

— एक वाचक, भांडुप

उत्तर

‘मी काय करू’ याचं उत्तर मी देणार नाही. परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून मी तेहतीस वर्षं काम केलं, त्यातली बरीचशी गुणसूत्रांच्या ओपीडीत गेली. तिथे मी हे उत्तर कुणालाही दिलेलं नाही. पण बाकी सगळ्याबद्दल बोलायचं आहे, आणि बरंच बोलायचं आहे.

आधी तो लाल आकडा. १:८४ म्हणजे तुमच्यासारखाच आकडा आलेल्या ८४ बायका लेडीज डब्यात बसवल्या, तर त्यांतल्या ८३ जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसतो. आईचं वय, बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी आणि रक्तातले दोन घटक यांवरून ही तपासणी अंदाज बांधते, निदान करत नाही. त्यात वयाचाच वाटा मोठा. पंचविशीत साडेबाराशेत साधारण एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. पुढची जी रक्ततपासणी लिहून दिली आहे ती पुष्कळ अचूक आहे, तरी तीही चाळणीच. तिचा निकाल वाईट आला, तरी गर्भजल तपासल्याशिवाय शेवटचा शब्द कुणी बोलू नये. गर्भजल पंधराव्या आठवड्यानंतर काढतात आणि त्यात गर्भ जाण्याचा थोडा धोका असतो, काही शेकड्यांत एक इतका.

तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, मी मात्र तिथेच थांबले. आधी दोनदा गेलं. डाउन सिंड्रोम असलेल्या शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव जणांत एकविसाव्या क्रमांकाचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं आणि ते तिसरं सुटं असतं. पेशी घडताना झालेला तो अपघात. तो घराण्यातून येत नाही. पण तीन-चार जणांत ते जादा गुणसूत्र दुसऱ्या एखाद्याला, बहुधा चौदाव्याला, चिकटलेलं असतं. अशी चिकटलेली जोडी घरातल्या धडधाकट माणसातही असू शकते. त्याला स्वतःला काही होत नाही, पत्ताही नसतो, पण त्याच्या घरात गर्भ राहून राहून जातात आणि एखाद्या बाळाला डाउन सिंड्रोम होऊ शकतो. भाऊजींचा कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, लहानपणी केला होता का, हे म्हणून मी तुम्हाला फोनवर पहिल्यांदा विचारलं. जुनी फाइल सासूबाईंच्या कपाटात आहे, असं तुम्ही म्हणालात. ती काढा. त्यात सुटं गुणसूत्र असेल, तर भाऊजींचा आणि तुमच्या बाळाचा या बाबतीत काहीही संबंध नाही. फाइलमध्ये काही नसेल, तर तुमची आणि मिस्टरांची गुणसूत्रांची रक्ततपासणी करून घ्या. दोनदा गेलेलं असल्यामुळे ती तशीही करायला हवी.

आग्रह एवढ्यासाठी की माझ्या आईने बत्तीस वर्षं एक ओझं उगाच वाहिलं. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, १९५१ साली जन्मला. गिरगावातली चाळ, दुसरा मजला. त्या काळी डॉक्टर अशा मुलांना ‘मंगोल’ म्हणत आणि पुढचं काही सांगत नसत. आईने मनाशी ठरवून टाकलं होतं की ग्रहणात आपण विळीवर भेंडी चिरली, त्याचं हे फळ. १९८३ साली मी त्याचं रक्त तपासून घेतलं. सत्तेचाळीस गुणसूत्रं, तिसरं एकविसावं सुटं. संध्याकाळी मी तिला ओट्यापाशी सगळं समजावून सांगितलं. ती बराच वेळ स्टोव्हकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे विळीचं काही नव्हतं?”

त्याच्या आधीची एक गोष्ट सांगते, कारण तुमचा प्रश्न तिच्यात आहे. माझ्यासाठी स्थळं बघत होते तेव्हा प्रत्येक बैठकीत पोहे संपता संपता एक प्रश्न यायचा: घरात कुणाला काही नाही ना? म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दादाला पालघरला मावशीकडे पोचवायचे. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा आईने पलंगावर नवी चादर घातली आणि ती बघताच दादाने कोपऱ्यातली आपली पिशवी आणली, त्यात आपले दोन शर्ट ठेवले आणि दाराशी जाऊन उभा राहिला. त्याला मोजता यायचं नाही, पण नवी चादर म्हणजे आपण घरात नसायचं, हे त्याला दोन वेळांतच कळलं होतं. तुमच्या पत्रात भाऊजी ट्रेनमध्ये गप्प बसले हे वाचलं तेव्हा मला ती पिशवी आठवली.

आता मैत्रिणीबद्दल. तिचा राग खरा आहे आणि तिचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सुप्रजनन हा विचार फ्रान्सिस गाल्टनने १८८३ साली नाव देऊन मांडला: चांगल्यांची संतती वाढवा, ‘कमअस्सलांची’ थांबवा. हे फक्त गोऱ्या लोकांचं वेड होतं असं समजू नका. आपले लोकप्रिय कादंबरीकार ना. सी. फडके यांनी १९२७ साली इंग्रजीत पुस्तक लिहून भारतात सुप्रजननाची चळवळ हवी, असा पुरस्कार केला. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनिया राज्यातल्या कॅरी बक या तरुणीची सक्तीने नसबंदी करायला मान्यता दिली, ‘मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या’ असं निकालात लिहून. कॅरी मंदबुद्धी नव्हती. तिच्यावर बलात्कार झाला होता. तिची मुलगी पुढे शाळेत हुशार विद्यार्थ्यांच्या यादीत होती. जर्मनीत १९३३ चा कायदा आला आणि सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. १९३९ पासून तर अपंगांना ठार मारण्यात आलं. आणि त्याच जर्मनीत, त्याच्या काही वर्षं आधी, बर्लिनच्या सुप्रजनन संस्थेत आपल्या इरावती कर्वे डॉक्टरेट करत होत्या. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी, म्हणून त्यांची बुद्धी वरची, असं त्यांच्या गुरूंचं, ऑयगेन फिशर यांचं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा फरक सापडत नाही, असं गुरूंच्याच संस्थेत लिहून दिलं. पंचविशीच्या आतबाहेरची, परक्या देशातली एक मराठी मुलगी. मला त्यांचा फार आधार वाटतो.

या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. कॅरीला कुणी विचारलं नव्हतं. जर्मनीतल्या त्या चार लाखांना नाही म्हणण्याची सोय नव्हती. कुणी जन्माला यायचं, हे वरच्याने ठरवायचं आणि खालच्याच्या शरीरावर ते करायचं. तुम्हाला विचारलं जातंय आणि तुम्ही नाही म्हणू शकता, एवढ्यापुरती मैत्रीण चुकते. पण डॉक्टरांनी तुम्हाला कसं विचारलं? ‘घरात एक आहेच ना.’ मिस्टरांनी कसं? ‘विचार करत बसायचं नाही.’ प्रश्न विचारला, पण उत्तराची जागा एकच ठेवली. तिथे मैत्रीण बरोबर आहे. तपासणी करण्याने भाऊजींचा अपमान होत नाही. तो त्या खोलीत, त्यांच्या समोर, त्या वाक्याने झाला.

हे इतकं स्वच्छ मला आधीपासून कळत होतं असं नाही. १९८६-८७ साली आम्ही मुंबईत गर्भलिंगचाचणीविरुद्ध रस्त्यावर होतो. गर्भजलाची तीच सुई, पण मुलगी आहे का हे बघायला वापरत. ‘आज पाचशे खर्चा, उद्याचे पन्नास हजार वाचवा’ अशा अर्थाच्या जाहिराती तेव्हा उघड लागायच्या. १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. एका सभेनंतर दादर स्टेशनच्या पुलाखाली कुबड्या घेतलेली एक बाई मला म्हणाली, “मुलगी नको म्हणणं चूक, हे तुम्ही ओरडून सांगता. मग माझ्यासारखी नको म्हणणं बरोबर कसं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले आणि गाडी आली म्हणून निघाले.

पुढे १९८९ साली, माझ्या पस्तिसाव्या वर्षी, मला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि मी स्वतः गर्भजल तपासून घेतलं. रिपोर्टला तीन आठवडे लागले. दादा रोज संध्याकाळी माझ्या पोटाला कान लावून बसायचा. या सदरात मी हे कधी लिहिलेलं नाही, आज लिहिते. रिपोर्ट वाईट आला असता तर मी गर्भपात करणार होते. कोणत्या दिवशी रजा टाकायची तेही ठरवलं होतं. आई तेव्हा सत्तरीला टेकली होती, तरी दादाची अंघोळ तीच घालायची. तिची कंबर वाकलेली मी रोज बघत होते, आणि माझ्या घरात मीच पहाटे पाचला उठून डबे करून आठ सत्तावीसची लोकल पकडत होते. रिपोर्ट चांगला आला, आणि त्या संध्याकाळी दादाने कान लावला तेव्हा मी खूप रडले.

त्या तीन आठवड्यांत दादावरचं माझं प्रेम कणभर कमी झालं नव्हतं. हे मी स्वतःपुरतं जाणते. ‘हे गरोदरपण मला पेलणार नाही’ आणि ‘अशी माणसं नसावीत’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि एकाच बाईच्या मनात पहिलं खरं आणि दुसरं खोटं असू शकतं. कुबड्या घेतलेल्या त्या बाईला आज मी एवढं सांगेन की मुलीच्या बाबतीत आपण तपासणीच बंद केली, इथे मी ती बंद करा म्हणणार नाही. कारण तीस-चाळीस वर्षांचे कष्ट खरे असतात आणि आपल्या शहरात ते बहुतेक एकाच बाईच्या वाट्याला येतात. पण तिचं निम्मं म्हणणं मला आजही सोडत नाही. त्या कष्टांतला मोठा भाग मुलाच्या गुणसूत्रांतून आलेला नसतो. अठरा वर्षं झाली की शाळा संपते आणि पुढे जायला जागा नसते, इमारतीला लिफ्ट नसते, पाळी बदलायला दुसरा माणूस नसतो. त्याची किंमत आपण गर्भाकडून वसूल करतो.

कायद्याचं थोडक्यात. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, चोवीसपर्यंत नियमांतल्या ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं. त्यानंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निदानावर, नाहीतर आईचा जीव वाचवण्यासाठीच. २००८ मध्ये निकेता मेहता बाळाच्या हृदयातल्या दोषासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या तेव्हा मर्यादा वीसचीच होती, आणि त्यांना परवानगी मिळाली नाही. उशिरा कळलेल्या, जगूच न शकणाऱ्या गर्भांच्या आया मी पाहिल्या आहेत, म्हणून ही दुरुस्ती मला हवी होती. पण त्या मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफीवाले डॉक्टर असतात. जे व्यंग ठरवायचं त्याच्यासकट आयुष्य काढलेलं माणूस तिथे असावं असं कायदा म्हणत नाही. हे मला खटकतं. तुमच्यापुरतं एवढं लक्षात ठेवा: तुम्ही सज्ञान आहात, संमती फक्त तुमची लागते. करायचं असो वा नसो, मिस्टरांच्या सहीची गरज नाही. आणि वेळ आहे. सोळाव्या आठवड्यात गर्भजल काढलं तरी रिपोर्ट विसाव्याच्या आत हातात येतो.

एक तिसरी वाटही असते, ती फारसं कुणी सांगत नाही. पुढे काहीही करायचं नसलं तरी तपासणी करता येते, तयारीसाठी. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो आणि त्यांतले बहुतेक शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात. आधी माहीत असेल तर बाळंतपण कुठे करायचं ते ठरवता येतं. आणि तपासणी नकोच, असंही म्हणता येतं. तो तुमचा अडाणीपणा ठरत नाही.

या आयुष्याबद्दल कुणी तुम्हाला फक्त भीती दाखवेल, कुणी फक्त देवदूत म्हणेल. दोघांचंही ऐकू नका. दादाला वाचता आलं नाही. पण पहाटे नळाला पाणी आलं की मजल्यावरच्या तीन म्हाताऱ्यांच्या बादल्या तो भरून द्यायचा, न चुकता, वीसेक वर्षं. तो हट्टी होता, दोनदा हरवला, एकदा ग्रँट रोडला पोलीस चौकीत सापडला. पन्नाशीनंतर त्याला स्मृतिभ्रंश झाला. या सिंड्रोममध्ये तो लवकर येतो. आपल्याच चाळीचा जिना त्याला ओळखू येईना. २००३ मध्ये तो गेला तेव्हा आई आधीच गेली होती. ‘आमच्या माघारी याचं कोण’ हे ती वर्षानुवर्षं पुटपुटायची. त्याचं उत्तर मी होते, कारण तिला मुलगी होती. भाऊजींसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाची सोय आहे, निरामय नावाची एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे. सासूबाई हिंडत्याफिरत्या आहेत तोवर दोन्ही करून घ्या. तुमच्या निर्णयाशी याचा संबंध नाही, तरी करा.

भाऊजींना त्या दिवशीच्या वाक्याबद्दल काही सांगणं तुमच्याकडे राहिलं आहे. त्यांच्याशी सोप्या शब्दांत बोला. डॉक्टर चुकीचं बोलले, मला आवडलं नाही, तेव्हाच बोलायला हवं होतं, इतकं पुरे. आम्ही दादाला त्या पिशवीबद्दल कधीच काही बोललो नाही.

आणि फाइल मागायला सासूबाईंकडे जाल तेव्हा मिस्टर घरात नसतील अशी वेळ बघा. ‘कुणी विचारलं असतं, तर...’ त्यांचं ते वाक्य अर्धं राहिलंय. त्याचा शेवट काय असेल हे तुम्ही धरून चाललात, मीही वाचताना धरूनच चालले होते, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की दोघींनी वेगवेगळं धरलं होतं. त्यांना एकतीस वर्षांत कुणी विचारलेलं नाही. तुम्ही विचारा, आणि नळ बंद ठेवा.

पत्र दुसरं

माझी मुलगी १५ वर्षांची, बौद्धिकदृष्ट्या अक्षम. गेल्या वर्षी पाळी सुरू झाली. तिला पॅड सांभाळता येत नाही, शाळेत दोनदा कपडे खराब झाले. जाऊबाई म्हणतात, पिशवीच काढून टाका, तिला कुठे मूल होऊ द्यायचंय, उद्या कुणी गैरफायदा घेतला तर निदान तोंड काळं होणार नाही. एक डॉक्टरही तयार आहेत. मी विधवा, पोळीभाजी केंद्रात काम करते. काय करावं?

— एक आई, विक्रोळी

उत्तर

काढू नका. वरच्या पत्राला मी उत्तर द्यायचं टाळलं, इथे टाळणार नाही. तिथे बाई स्वतःच्या शरीराबद्दल विचारत होती. इथे शरीर तुमच्या लेकीचं आहे.

गर्भाशय निरोगी असताना ते काढणं ही मोठी शस्त्रक्रिया आहे, सोयीसाठी करायची गोष्ट नव्हे. आणि जाऊबाईंचं दुसरं कारण नीट ऐका. पिशवी काढल्याने गैरफायदा घेणाऱ्याचा हात थांबत नाही. फक्त तो झाल्याचं कुणाला कळत नाही. तुमच्या लेकीला सांगता येत नसेल तर तिचं शरीरच तिची साक्ष असते, तीही आपण पुसून टाकतो.

१९९४ साली पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं अशीच स्वच्छतेचं कारण देऊन काढण्यात आली. मुंबई-पुण्यातल्या बायका संतापून उठल्या. आमच्या खात्यात तेव्हा दोन तट पडले होते. ‘तुम्ही एक दिवस त्यांचे कपडे धुवून बघा’ असं एक परिचारिका मला म्हणाली, आणि तिचं खोटं नव्हतं. त्या वसतिगृहांत कपडे धुणारी माणसंच पुरेशी नव्हती. माणसं नेमण्याऐवजी मुलींचे अवयव काढले. २००९ मध्ये चंडीगडच्या एका अनाथ, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही. तिला बाळ हवं होतं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर स्पष्टच म्हणतो: वंध्यत्व येईल असा कोणताही उपचार अपंग व्यक्तीवर तिच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करायचा नाही. तयार असलेल्या डॉक्टरांना हे विचारा.

पण तुमचा त्रास खरा आहे आणि कायदा सांगून कपडे स्वच्छ होत नाहीत. रक्तस्राव फार असेल किंवा पाळीच्या आधी ती फार चिडत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, औषधांनी पुष्कळ फरक पडतो. शिकवण्याचं असं करा. दाराशी मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर लावा आणि पाळीच्या दिवशी तिच्याच हाताने लाल टिकली चिकटवा. पाळी नसतानाच्या दिवसांत कुंकवाचं पाणी पॅडवर टाकून बदलायचा सराव घ्या, आधी बाहुलीवर, मग तिच्यावर. चड्डीवर पॅड बसतो तिथे रंगीत दोऱ्याने चौकट शिवून द्या, म्हणजे कुठे लावायचं ते तिला दिसेल. वापरलेलं कागदात गुंडाळून ठरलेल्या एकाच डब्यात. दर वेळी तोच क्रम, तेच शब्द. शाळेतल्या बाईंनाही तेच शब्द वापरायला सांगा. आणि याच धड्यात शिकवा की इथे हात फक्त आई लावते आणि या बाई, दुसरं कुणी लावलं तर ओरडायचं. ओरडायचाही सराव घ्या, मोठ्याने, दार उघडं ठेवून, शेजाऱ्यांना आधी सांगून.

पाच-सहा महिने लागतील. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला अकरा लागले होते. शाळेत नेणाऱ्या पिशवीत जास्तीचा एक ड्रेस ठेवत जा.